मुकादम, भिंगरी आणि शेवटचा चढ

टेकडीवर कोणी कुठे चालायचं, हे ठरवायचा हक्क त्या घरात फक्त कुत्र्याला होता. म्हणून तर त्याचं नाव मुकादम. रविवारी सकाळी सगळ्यांत पुढे तो, मग बॅगा शिवणारी ताई आणि शेवटी तिचा धाकटा भाऊ. कोणी रेंगाळलं की मुकादम मागे येऊन पोटरीला गार नाक लावायचा. भाऊ मोटार शिकवणारा मास्तर, दिवसभर लोकांवर डाफरायचा. पण मुकादमापुढे त्याची बोलती बंद.

आज मात्र भावाच्या जाकिटातून आणखी एक गार नाक बाहेर डोकावत होतं. दोन दिवसांपूर्वी त्याला रस्त्यावर सापडलेलं पिल्लू. पायाला भिंगरी लागल्यासारखं सारखं फिरायचं, म्हणून नावही भिंगरीच.

"मुकादमाला पटली तर राहील," ताईने निघतानाच बजावलं. "नाहीतर संध्याकाळी पिल्लू मागणाऱ्या तुझ्या त्या मित्राकडे. म्हातारपणी मुकादमाला वाटायला नको, की आपल्या जागी दुसरं कोणी आणलं."

"म्हातारपणी म्हणालीस?"

"छे! कान साफ कर तुझे."

या बाबतीत ताईशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गेले कित्येक रविवार ते सपाट खडकापाशीच परत फिरत होते. मुकादम तिथे धापा टाकत बसायचा, आणि गुडघा धरायची ताई! "माझंच दुखतंय बाई," म्हणायची. भाऊही गंभीर चेहऱ्याने मान डोलवायचा. तिचा गुडघा ठणठणीत आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. कदाचित मुकादमालाही.

पायथ्याशी भिंगरीला खाली सोडलं मात्र, तिने आधी मुकादमाच्या शेपटीला लोंबकळून पाहिलं, मग कानाला, आणि मग दुडुदुडु धावत ती थेट त्याच्या पुढे गेली. पुढे! मुकादम जागच्या जागी थांबला. गुरगुरला. ताईला ते पिल्लू हवं होतं, अगदी हवंहवंसं झालं होतं. कोणी बघत नसताना सकाळपासून ती त्याचं डोकं हुंगत होती. पण म्हाताऱ्याचं मन मोडून नको होतं.

सपाट खडकावर मुकादम बसला. ताईने गुडघा धरला. भिंगरीला या गुडघ्याची कथा कोणी सांगितलेली नव्हती. तिने शेवटच्या चढावर धूम ठोकली.

"ब्रेक! अगं, ब्रेक मार!" भाऊ ओरडला, आणि त्याने स्वतःचाच उजवा पाय जमिनीत दाबला. रोजची सवय. पिल्लू काही थांबलं नाही. झुडपांआड दिसेनासं झालं आणि मग वरून बारीक केविलवाणं कुईकुई ऐकू आलं.

ताई उठायच्या आत मुकादम उठला होता. शिंगं मोडून वासरात शिरावं तसा तो चढाला भिडला. घसरला, पुन्हा उठला. ताई गुडघाबिडघा विसरून हरणासारखी त्याच्यामागे, आणि भाऊ "सेकंड गिअर! सेकंड गिअर!" करत तिच्यामागे.

माथ्यावर दोन दगडांच्या फटीतून भिंगरीचा फक्त मागचा अर्धा भाग बाहेर दिसत होता, तोही जोरजोरात हलत. मुकादमाने फटीत तोंड घालून तिची मानगूट पकडली, ओढून काढली, खाली ठेवली आणि दटावून एकदाच भुंकला. मग नाकाने ढकलत ढकलत तिला ताईच्या पायांमागे नेऊन उभं केलं. रांगेत. ताई आणि भाऊ यांच्यामध्ये.

"नंबर लागला!" भाऊ नाचायलाच लागला. "ताई, हिचा नंबर लागला गं!"

ताई हसता हसता खाली बसली. मुकादमही बसला, नव्हे, कोसळलाच. उतरायची वेळ झाली तरी त्याचे मागचे पाय काही ऐकेनात.

तेव्हा ताईने पाठीवरच्या पिशवीतून घडी घातलेली एक मोठी बॅग चोरट्यासारखी बाहेर काढली. जाड कापड, रुंद पट्टे, आत मऊ गादी. कुत्र्याला पाठीवर घ्यायची बॅग.

"कधी शिवलीस?"

"झाले कित्येक महिने. काढायचं धैर्य होत नव्हतं."

दोघांनी मुकादमाला आत बसवलं, आणि तो आत हरवलाच. चारी बाजूंनी कापड लोंबत होतं. आख्ख्या गावाच्या बॅगा अचूक मापाने शिवणारी ताई बघतच राहिली.

"मी त्याचं माप घेतलंच नाही रे," ती म्हणाली. "मला वाटलं, मला पाठ आहे. मी तरुणपणीच्या मुकादमाच्या मापाने कापड कापलं." तिचे डोळे भरून आले. "म्हातारा झाला रे माझा. किती छोटा झाला."

भाऊ काही बोलणार, तेवढ्यात भिंगरीने रांग मोडून बॅगेत उडी घेतली. मुकादम गुरगुरला. जरा सरकला. आणखी जरा सरकला. मग तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून त्याने डोळे मिटले.

ताई रडत होती आणि तिला हसूही आवरत नव्हतं.

"मित्राला काय कळवू?" भावाने विचारलं.

"सांग, पिल्लू नाही मिळायचं. उचलू लाग आता!"

"ताई, दोघं जड होतील. दे माझ्याकडे."

"हात लावून बघ," ताई म्हणाली आणि पट्टे खांद्यावर चढवून उतरायला लागली.