रबरी बेडकाचे पोट

मित्रांनो, मी एक जुना रबरी बेडूक आहे. मला ओरडता येत नाही आणि मी किडे खात नाही. पाण्यावर खऱ्या बेडकासारखे तरंगायचे आणि मरळ माशाला फसवायचे, एवढेच माझे काम. माझे अंग आतून पोकळ आहे आणि पाठीला दोन गळ चिकटलेले आहेत. मरळ मला तोंडात दाबते, तेव्हा अंग चेपते आणि गळ उघडे पडतात. माझी रचना अशी साधी आहे. आयुष्य मात्र मी एकाच धास्तीत काढले. माझा रंग उडाला तर माझे काय होईल?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मी नुसते काळे रबर होतो. मग माझ्यावर रंग फवारले गेले. पाठ हिरवीगार, तिच्यावर पिवळे ठिपके, आणि पोट पांढरे. तिथून मी नगरच्या एका दुकानात आलो. तिथे मला काचेमागे पाठ पुढे करून टांगले होते. येणारा प्रत्येक जण पाठच पाहायचा. कोणी म्हणायचा, “हा फार भडक आहे,” कोणी म्हणायचा, “हा मळकट वाटतो.” शेजारचा लाल बेडूक विकला गेला की माझा जीव खालीवर व्हायचा.

शेवटी मला रॉबिनने घेतले. रॉबिन नेवासे तालुक्यातला. त्याचे गाव जायकवाडी धरणाच्या मागे पसरलेल्या पाण्याच्या काठावर आहे. तिकडे या पाण्याला फुगवटा म्हणतात. सकाळी टेम्पोतून दुधाचे कॅन पोहोचवायचे आणि दुपारनंतर गळ घेऊन काठावर उभे राहायचे, हा त्याचा दिनक्रम.

पहिल्याच पावसाळ्यात मी त्याला हातभर लांबीची मरळ मिळवून दिली. तो मला तळहातावर ठेवून गावभर दाखवत फिरला. “ह्यो बेडूक न्हाई, वाघ हाय वाघ!” असे तो म्हणायचा. ते दिवस मी अजून विसरलेलो नाही. पण फुगवट्यात बुडालेल्या बाभळींचे बुंधे असतात. त्यांना घासून माझा रंग निघू लागला. पोटाचा पांढरा रंग तर पार गेला आणि आतले काळे रबर उघडे पडले. एकदा कडेची शिवण उसवली, तेव्हा रॉबिनने पंक्चर काढायच्या सोल्युशनने ती चिकटवली.

त्यानंतर त्याला मोबाईलवरच्या व्हिडिओंचा नाद लागला. सकाळी अमुक रंग, उन्हात तमुक, ढगाळ हवेत तिसराच. एकेक करत नवे बेडूक आले. त्यांच्यासाठी कप्प्यांचा डबा आला. मी त्या डब्याच्या तळाशी, शिशाच्या वजनांखाली गेलो. झाकण उघडले की वाटायचे, आज मला बाहेर काढतील. लगेच दुसरी भीती वाटायची, बाहेर काढतील आणि फेकून देतील.

मग मागच्या वर्षीचा तो परतीच्या पावसाचा दिवस आला. रॉबिनची आई लिडियाबाई. त्यांचे गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले होते. त्या घरी आल्या, पण ताट पुढे आले की तोंड फिरवायच्या. डॉक्टरांनी फोनवर बजावले होते, उद्यापर्यंत पोटात काही गेले नाही तर पुन्हा भरती करावे लागेल. दवाखान्याचे नाव काढले तरी त्या रडायच्या. त्या दिवशी सकाळी त्या एवढेच बोलल्या होत्या, “मरळीचं कालवण असंल तर बघते दोन घास.” आमच्या भागात आजारातून उठलेल्या माणसाला मरळ देतात. तिने अंग भरून येते असे सगळे मानतात. नेवाशाच्या बाजारात त्या दिवशी कटला होती, चिलापी होती. मरळ नव्हती.

म्हणून रॉबिन काठावर आला. सोबत धाकटी बहीण आराधना होती. ती नुकतीच प्राणिशास्त्रात बीएस्सी झाली होती. हे सगळे मी डब्याच्या तळाशी पडून त्यांच्याच बोलण्यातून ऐकले.

रॉबिनने आधी पिवळा बेडूक टाकला. काही लागले नाही. मग जागा बदलून गुलाबी टाकला आणि भराभर ओढला. मग निळा टाकला, तिसऱ्या जागी, अगदी सावकाश. दोरा कापायचा, गाठ मारायची, पुन्हा कापायचा. उजेड उतरत चालला होता. काठावर शेळ्या चारणाऱ्या छबूबाई बराच वेळ हे बघत होत्या.

“का रं रॉबिन्या, मासं धरतुयास का रंगपंचमी खेळतुयास?”

“मावशे, तुज्या शेळ्या सांभाळ. मरळीला रंग कळतो.”

“मंग तिला साडीच्या दुकानात न्हे की!”

आराधना हसली नाही. ती म्हणाली, “दादा, तू रंग बदलतोस तेव्हा जागाही बदलतोस, ओढायचा वेगही बदलतोस. मग मरळीला नेमकं काय पटलं नाही, हे कळणार कसं?”

“तिकडं आई उपाशी हाय, आन् तू हितं पेपर सोडीव!” रॉबिन खेकसला. गाठ नीट बसत नव्हती.

“आई उपाशी आहे म्हणूनच विचारतेय. मरळ बेडकाकडे कुठून बघते?”

“खालनं. आजून कुठनं?”

आराधनाने डब्यातले सगळे बेडूक काढून गवतावर उलटे ठेवले. मित्रांनो, तो क्षण आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तो रंगीबेरंगी बाजार एका दमात पांढरा झाला. पिवळ्याचे पोट पांढरे, गुलाबीचे पांढरे, निळ्याचेही पांढरे. काळा फक्त मी, कडेला. रॉबिनने एक बेडूक उचलून उलटासुलटा करून पाहिला.

“मंग ह्ये पाठीवरचं नक्षीकाम कुणासाठी?”

“गिऱ्हाइकासाठी,” आराधना म्हणाली. “तुझ्यासाठी.”

तिने एक बेडूक डोक्यावर आभाळाकडे धरला. “हे बघ. आभाळ पांढरं, पाणी चहासारखं गढूळ. पांढरं पोट यात दिसणारच नाही. आज काळं पोट हवं. पाणी निवळ असेल त्या दिवशी फिकं चालेल. रंगाचा विचार एवढाच. आता काळं पोट कुणाचं आहे?”

तिची नजर माझ्यावर आली.

“ह्यो? ह्यो तर कवाच मेलाय,” रॉबिन म्हणाला.

“हा नसता तर मार्करने एखाद्याचं पोट काळं केलं असतं. पण आहे ना.”

म्हणजे माझे कौतुक असे काही नव्हते. तरी मला दोरा बांधला गेला, आणि आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली. शिवण जुनी होती. पाणी आत शिरले तर मी बुडणार. आणि मी रिकामा परतलो तर तिकडे घरी काय होणार, हे मला माहीत होते.

पहिल्या फेकीला काही झाले नाही. दुसऱ्या, तिसऱ्या फेकीलाही नाही. रॉबिनचा हात आपोआप डब्याकडे गेला. आराधनाने झाकण लावले आणि ती डब्यावरच बसली.

“बरी बसली कोंबडी अंड्यावर!” छबूबाई ओरडल्या.

“रंग तोच ठेव दादा. आता फक्त जागा बदल.”

तेवढ्यात जलपर्णीच्या कडेला पाण्यावर ‘डुबुक’ झाले. मरळ हवेतला श्वास घ्यायला अधूनमधून वर येते. ती तिथे होती. रॉबिनने मला तिच्या पलीकडे फेकले आणि हळूहळू ओढत आणले. जलपर्णीच्या कडेला मी थांबलो. खालचे पाणी एकदम उसळले, जबडा माझ्यावर मिटला, आणि त्याच क्षणी रॉबिनने हिसका दिला. मी तिच्या तोंडातून सुटून काठावरच्या चिखलात आदळलो. शिवण अर्धी उघडली होती.

“गेली! बदलू का गं रंग?” रॉबिनचा आवाज रडवेला झाला होता.

“तिने तोंड घातलं ना? मग रंग पटलाय. तू घाई केलीस. तिला नीट धरू दे, एक श्वास थांब, मग ओढ.”

रॉबिनने मला दाबून आतले पाणी काढले आणि पुन्हा त्याच जागी फेकले. पाणी लगेच आत येऊ लागले. माझे मागचे पाय खाली गेले. मग अंग जड झाले. मी फक्त नाकापुरता वर होतो. पाणी हलेना. मला वाटले, संपले. आणि मग अंधार झाला. त्या अंधारात दातांनी माझे अंग चेपले, गळ वर आले. काठावर रॉबिन श्वास रोखून उभा होता. आराधना म्हणाली, “आता.”

दोरा ताणून वाजू लागला. मरळ जलपर्णीखाली घुसली, रॉबिन गुडघाभर चिखलात उतरला, आराधनाने मागून त्याचा शर्ट धरला. छबूबाई शेळ्या सोडून धावत आल्या आणि त्यांनी पदर खोचून काठाशी ओढून आणलेल्या माशावर ओले पोते टाकले.

“येशूबाबा पावला गं बाई तुमचा!” त्या धापा टाकत म्हणाल्या.

संध्याकाळी आराधनाने मला स्वच्छ पाण्याने धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगले, म्हणून पुढचे मला दिसले. लिडियाबाईंना उशी देऊन बसवले होते. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, कालवणात भाकरी कुस्करली आणि पहिला घास तोंडात घातला. रॉबिन आणि आराधना त्यांच्या घशाकडे बघत होते. घास खाली गेला. त्यांनी कपाळाला आठी घातली.

“आरू, मीठ कमी पडलंय गं.”

इतके दिवस त्या घराने त्यांच्याकडून फक्त “नको” ऐकले होते. आराधना पटकन मिठाची बरणी आणायला उठली. रॉबिन हसत म्हणाला, “आये, डाक्टरनं मीठ कमीच सांगितलंय!”

“त्याला म्हनावं, तू खा आळणी.” आणि त्यांनी वाटी पुढे केली. “आजून वाढ.”

मित्रांनो, तरी माझी काळजी पूर्ण गेली असे समजू नका. पाठीच्या ज्या रंगासाठी मी इतकी वर्षे झुरलो, तो मरळीला कधी दिसलाच नव्हता, ही गोष्ट पचवायला मला वेळ लागला. आता मला गंजाची भीती वाटते, उसवलेल्या शिवणीची वाटते. म्हणून एक विनंती करतो. आम्हाला निवडताना एकदा उलटे करून पाहा, पाणी निवळ आहे की गढूळ ते पाहा, आणि मग उगाच वेळ घालवू नका. कुठे तरी कोणी उपाशी बसलेले असते. काम झाले की आमचे गळ पुसून कोरडे करा. तुटलेला दोरा पाण्यात टाकू नका, पाणकोंबड्यांच्या पायात तो अडकतो. आणि माझी पाठ पुन्हा रंगवायची कोणाला हौस आली, तर त्याला सांगा, आधी शिवण चिकटव.