अमानच्या शहरातला पेपर

हे लिहायचंच न्हाई, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट हाय. पण मुनीबला विचारलं तर म्हणाला, "लिही की. फक्त माझं पोट सुटलंय ते लिहू नको." तर लिहून राहिलो.

मुनीब माझा दोस्त. लातूरला गंजगोलाईच्या मागं त्याचं मोबाईल रिपेरिंगचं दुकान हाय, मी तिथंच कामाला. माझं गाव शिरूर अनंतपाळ, म्हणून दुपारचं जेवण मुनीबच्याच घरी, त्याच्या अम्मीच्या, वहिदाचाचीच्या हातचं. त्याचा थोरला भाऊ अमान आखातात एसीचं काम करतो.

तिकडं लढाई सुरू झाली आणि चाची टीव्हीसमोरून उठेनात.

सकाळी टीव्ही, दुपारी टीव्ही. तोच जळका टँकर, तीच लाल अक्षरं, वरून ढणढण म्युझिक. ताट समोर यायचं, तसंच परत जायचं. शुगरवाली बाई, उपाशी! आणि रोज अमानला फोन, "नौकरी छोड, घर आ जा."

अमानला यायचं न्हवतं. आत्ता कुठं सुपरवायझर झाला होता. पण आईचं रडणं ऐकून तो बी ढिला पडला. मुनीबला म्हणाला, शुक्रवारपर्यंत अम्मी अशीच रडत राहिली तर राजीनामा देतो.

"केबलच तोडतो," मुनीब म्हणाला.

"मग मोबाईलवर बघतील."

"तर काय करू? तू लई शाना, तू सांग."

शाना कशाचा. दहावीनंतर शाळा सुटली. इंग्रजी मोबाईलवरच शिकलो, अर्धी तर क्रिकेटच्या कॉमेंट्रीतून. पण मला एक आठवलं. जेवताना चाचीला विचारलं, "चाची, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली तुमची हैदराबादची बहीण काय म्हणायची?"

"नाझनीन? रोज फोनवर रडायची. टीव्हीपे देखी मैं, तुम लोगां प्यासे मर रहे बोलून." चाचीला हसू आलं. "आणि मी इकडं फोन कानाला लावून बिर्याणीचे तांदूळ धुवायची. टँकरच्या पाण्यानं, पण धुवायची."

"मग टीव्ही खोटं बोलत होता?"

"न्हाई बाबा. नळाला पाणी तर न्हवतंच. पण माझे तांदूळ कुठं दाखवले त्यांनी?"

मी म्हणलं, मग अमानच्या शहरातले तांदूळ बघू की आपण.

दुसऱ्या दिवसापासून जेवताना टीव्ही बंद. मी मोबाईलवर तिकडचा लोकल इंग्रजी पेपर उघडायचा आणि मराठीत सांगायचा. बसचा रूट बदलला. सुरमई महागली. कुणीतरी साहेबानं बागेचं उद्घाटन केलं, फोटोत तीच रिबीन, तीच कात्री, मागं तेच हसणारे लोक.

"तिकडं बी हे असतंय व्हय?" चाची म्हणाल्या.

"आमच्या गल्लीतल्या नालीचं काय छापलंय का बघ," मुनीब म्हणाला.

"ती बातमी कुठल्याच देशात न्हाई."

खाली होतं, शाळांच्या परीक्षा सोमवारपासून. चाचीनं विचारलं, "लेकरं शाळेला जायलीत?"

"हाव."

चाचीनं भाकरीचा तुकडा मोडला. मी मुनीबकडं बघितलं, त्यानं गपकन खाली बघितलं.

मग गुरुवार आला. पेपर उघडला तर वरतीच बातमी. वरून काहीतरी येऊन गोदामावर पडलं, आग लागली, काही कामगार जखमी. भागाचं नाव बी होतं. अमान राहतो तोच भाग.

मी बोटानं बातमी वर ढकलली. "आज... आज तिकडं ऊन लई हाय म्हणतेत."

चाचीनं हातातला घास खाली ठेवला. "भागवत, अडकलास का?"

मुनीबनं मला मांडीला चिमटा काढला.

"वाच."

वाचलं. सगळं वाचलं, भागाच्या नावासकट.

मला वाटलं आता रडतील. न्हाई रडल्या. "लाव फोन," मुनीबला म्हणाल्या. त्यानं स्पीकरवर लावला. रिंग वाजायली, वाजायली, आणि मग अमानचा आवाज आला. "सब ठीक है अम्मी..."

"झूट मत बोल. गोदाम जला ना?"

तिकडून मग हळूच, "हौ अम्मी, जला."

पुढचं ते दखनीत बोलले, मी मराठीत लिहितो. अमान म्हणाला, धूर आमच्या खोलीतून दिसत होता. सगळे बेसमेंटमध्ये जाऊन बसलो. भीती वाटली.

चाचीनं जोरात श्वास सोडला. "दोन पोरं माझी. एक तिकडून म्हणतंय ठीक हाय, एक इकडून म्हणतंय ठीक हाय. मग खरं मी कुठं शोधू? म्हणून टीव्ही लावते. तो ओरडतो, पण काहीतरी सांगतो तरी!"

मी मोबाईल उलटा करून ठेवला.

मग चाची सुरू झाल्या. बेसमेंटला दुसरं दार हाय का? पाणी भरून ठेवलंय का? सोबत कोण कोण? कंपनी काय म्हणती? अमान एकेकाचं उत्तर देत गेला. कंपनी त्यांना लांबच्या साईटवर हलवून राहिली होती, तिकडं शांत होतं.

शेवटी त्यानंच विचारलं, "येऊ का अम्मी?"

"तुला काय वाटतंय?"

"मला थांबायचंय. लई भीती वाटली तर मीच येईन, तुला रडायची गरज पडणार न्हाई."

"मग थांब. पण रोज खरं सांगायचं. नुसतं ठीक हाय म्हणालास, की दुसऱ्या दिवशी तिकीट."

अमान हसला. चाची मुनीबला म्हणाल्या, "बघत काय बसलास, वाढ मला."

शुक्रवारी राजीनामा गेला न्हाई. टीव्ही आता बी लागतो, पण संध्याकाळी एकदा आणि बारीक आवाजात. अमान रोज फोनवर सांगतो, कधी सायरन वाजला, कधी मेसमधी डाळ कच्ची होती. पेपर बी चालूच हाय. चाचींना आता त्या बसचे रूट पाठ झालेत.

परवा दुकानात मुनीब काऊंटर पुसत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्या दिवशी चिमटा काढला मी तुला."

"निळं पडलं होतं."

"ऐक की. माझ्या आधी तू वाचतोस ते. उद्या खरंच काही वाईट आलं तर मला बी गोड करून सांगू नको."

"न्हाई सांगणार," मी म्हणलं. "फॉरवर्ड बी करणार न्हाई. जिथं असशील तिथं येईन, समोर बसेन, आणि हाय तसं सांगेन."