टाकीखाली ढोल बंद

माझा नवरा गुलाब संत्र्याच्या पेट्या ठोकतो. खिळा वाकडा गेला तर उपटून पुन्हा ठोकतो, पण दिलेला शब्द काही केल्या उपटत नाही. शहाऐंशी साली या सवयीपायी आमच्या घरात मायलेकांचं बोलणं बंद झालं.

सौंसरच्या बाजारचौकातल्या पाण्याच्या टाकीच्या बुडाला आग्या मोहोळ लटकलं होतं, चांगलं सुपाएवढं. संत्र्याच्या फुलोऱ्याला या माशा येतात आणि उन्हाळा सरता सरता आपल्या आपण निघून जातात. आदल्या वर्षी कुणा शहाण्याने त्यांना टेंभा लावला होता. माशा अख्ख्या बाजारावर उतरल्या, भाजीवाल्या टोपल्या टाकून पळाल्या आणि सुजलेल्या तोंडांमुळे कोण कुणाचा ते ओळखू येईना. म्हणून या वर्षी गावाने सबुरीनं घेतलं होतं. टाकीखालच्या भजेवाल्याने धुराची भट्टी दूर नेली, आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी गुलेली घरी ठेवल्या. माशाही गुमान आपल्या कामाला जात-येत होत्या.

तेवढ्यात चौदा एप्रिल जवळ आला. आमची जयंतीची मिरवणूक त्याच टाकीखालून जाते. एके काळी ती मागच्या नाल्याकडून जायची. बाजारातून वाजतगाजत जायला मिळावं म्हणून माझ्या सासऱ्यांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, आणि परवानगी मिळाली तेव्हा ते उरले नव्हते. त्यामुळे कापडवाले दत्तात्रयशेठ आमच्या दारात येऊन, टाकीखाली ढोल-फटाके बंद ठेवा, माशा उठतील, असं म्हणाले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी चहासुद्धा टाकला नाही.

सासूबाई, म्हणजे शांताबाई, उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "आमचेच ढोल काहून बंद?"

शेठ हात जोडून माशांचंच सांगत राहिले. माणूस खोटा वाटत नव्हता, याचा मला जास्त राग आला. गुलाबने हातोडी खाली ठेवली.

"जयंतीनंतर चार दिवसांनी तुमची रामनवमी हाय. ते बी टाकीखालून चूप जाईन काय?"

शेठ घुटमळले. रामनवमीच्या समितीत ते एकटे नव्हते, आणि बाकीचे काय म्हणतील ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"जाईन," शेवटी ते म्हणाले. "माझा शब्द."

"मंग आमची बी जाईन."

मोहल्ल्यात गुलाबची पार शोभा झाली. ढोलवाला प्रकाश म्हणाला की बापाने मिळवलेला रस्ता पोराने मुका केला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "ते चूप जातील त्या दिवशी बोलीन तुह्याशी." मग त्याचं ताट त्या माझ्या हाती पाठवू लागल्या, आणि तो अर्धी भाकर तशीच ठेवून उठू लागला.

चौदा एप्रिलला चौकाच्या कोपऱ्यावर प्रकाशने ढोल थांबवला. नुसत्या चपलांचा आवाज, आणि वर माशांची गुणगुण. एकही माशी उठली नाही. टाकी मागे पडताच प्रकाशने असा ढोल बडवला की कातडं फाटतं की काय वाटलं. मला रडू आलं. दर वर्षी सगळ्यात पुढे चालणाऱ्या सासूबाई त्या दिवशी घराच्या उंबऱ्यावर बसून होत्या.

रामनवमीला आमचा सगळा मोहल्ला चौकात येऊन उभा राहिला. दर्शनाला नव्हे, शब्द बघायला. सासूबाईही आल्या, पदर खोचून. गुलाब माझ्या शेजारी होता. त्याच्या कपाळावरचा घाम मी पदराने पुसला, तरी त्याला कळलं नाही.

पांढुर्ण्याहून आणलेला बँड वाजत कोपऱ्यावर आला आणि वाजतच पुढे निघाला. शेठ सगळ्यांच्या पुढे होते. त्यांनी हात वर केला. बँडवाल्यांनी पाहिलं नाही, आणि मागून पोरं ओरडली, वाजू द्या म्हणून. वर मोहोळावरून एक लाट सरकली. आमच्यातला कुणीतरी गुलाबकडे बघून हसला.

शेठ गर्रकन वळले. डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि सगळ्यात मोठ्या पितळी भोंग्याच्या तोंडात कोंबली. भोंगा बसक्या आवाजात गुरगुरून गप्प झाला, त्यापाठोपाठ बाकीची वाद्यंही. मागच्या पोरांना शेठनी काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण तीही गप झाली.

मग मिरवणूक टाकीखालून निघाली. नुसत्या चपलांचा आवाज. अगदी आमच्यासारखाच.

शेठ बोडक्या डोक्याने आमच्यासमोर आले. एप्रिलचं ऊन, त्यात त्यांना टक्कल. सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा लेकाशी बोलल्या, हळूच, माशांना ऐकू जाऊ नये अशा.

"उन्हानं डोस्कं भाजून राहिलं त्याचं. तुहा गमछा दे त्याले."

गुलाबने खांद्यावरचा निळा गमछा पुढे केला. शेठनी तो डोक्याला गुंडाळला आणि तसेच मंदिरापर्यंत गेले.