आखाजीला आलेली ओ

आमच्या घरात पुरुष उरला नाही, म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी उंबरठा मीच पूजते. मी झुंबरबाई, विधवा, माहेरी राहिलेली. कुंकवाला बोट लावते म्हणून गल्लीतल्या बाया नावं ठेवतात. ठेवू द्या. त्यांचे पितर त्यांनी बघावेत, आमचे मी बघते.

माझा धाकटा भाऊ पुना फाळणीआधी कराचीला गोदीत कामाला गेला, तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. भाऊबंदांनी वाट पाहिली आणि शेवटी पळसाच्या पानांचा पुतळा करून तापीकाठी जाळला. भावजय कमलच्या बांगड्या फोडल्या. गळ्यातलं डोरलं मात्र तिनं कुणाला दिलं नाही, ज्वारीच्या कोठीत दडवलं.

आणि सत्तावन्न साली, ऐन उन्हाळ्यात, पुना दारात उभा! हातात तिकडचा पासपोर्ट. कुत्रं भुंकलं नाही, त्यानं शेपूटही हलवलं नाही. हनुवटीवर खोकेची खूण होती, लहानपणी मीच दगड मारला होता त्याची. मी गळ्यात पडून रडले. भर उन्हात अंग गार लागलं त्याचं. म्हटलं, विहिरीवर हातपाय धुऊन आला असेल.

जळगावच्या कचेरीत कारकून म्हणाला, "नागरिकत्वाचा अर्ज करा. फी, स्टॅम्प, प्रतिज्ञापत्र, सगळं लागेल. परवान्याची मुदत सरायच्या आत भरा, नाहीतर यांना परत सीमेपार जावं लागेल." घरात दाणे होते, पैसा नव्हता. विकण्यासारखं एकच, कमलचं डोरलं.

ती ऐकेना. "अक्का, मना नवराले तुम्हीच आगीन दिधी ना? मंग हाऊ कोन शे?"

"डोळे फुटले का तुझे? नवरा तुझा!" मी ओरडले खरी, पण शंका मलाही होतीच. पुतळा न्यायच्या आधी ओसरीत जिथं ठेवला होता, बरोबर तिथंच पुना अंग टाकायचा, दक्षिणेला डोकं करून. मी अंथरूण दुसरीकडे घालायची, सकाळी हा तिथंच. कुणी सांगितलं होतं त्याला?

आखाजी उजाडली. घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, कुंकू कालवून उंबरठ्यापाशी बसले. दरवर्षी हेच, गेलेल्याचं एक नाव घ्यायचं, कुंकवाचं एक बोट ओढायचं. बाबा. माय. मोठे काका. मेल्या तोंडाला सवय पडलेली! बोलून गेले, "पुना." बोटही ओढलं.

ओसरीतून आवाज आला, "ओ, अक्का."

हाक मी पितरांना मारली होती. आजवर कुणी ओ दिली नव्हती, कुणी देतही नसतं. पुसायला पदर उचलला, पण पितराचं बोट कुणी पुसतं का? पुना त्याच जागी पडून होता, डोळे उघडे ठेवून.

कमल कोठीपाशी गेली. ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला, डोरलं काढलं आणि माझ्या कुंकवाच्या हातावर ठेवलं. रडत होती.

"दर आखाजीले तुम्ही हाक मारतस, मी आठे कान देईसन बसस. आज ओ उनी. मरेल राहो का जित्ता, ज्यानी ओ दिधी तो मना शे. हाई डोरलं इकी टाका, अर्ज भरी द्या."