बाबांच्या नावावरच्या गोळ्या

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला तनया खांबेटेने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवला आणि त्यातून तिच्या बापाचं नाव बाहेर पडलं. श्याम गोविंद खांबेटे, वय चौसष्ट, राहणार वारजे. पुढच्या रकान्यात 'नैराश्यावरची गोळी, पाच महिने'. त्याच्या पुढे 'पोलीस तक्रार एक, वस्तूची मोडतोड'. आणि शेवटी तिनेच ठरवून दिलेला लाल ठिपका.

हा ठिपका काय प्रकार, ते आधी सांगायला हवं. नोटाबंदीच्या पुढच्या उन्हाळ्यात शहरात एका माणसाने आपल्याच इमारतीच्या वॉचमनला लोखंडी गजाने मारलं. वॉचमन वाचला. पण मारणारा नैराश्याच्या गोळ्या घेत होता असं बाहेर आलं, आणि झालं! चॅनेलवाल्यांची आठ दिवसांची सोय झाली. गोळ्यांनी माणूस हिंसक होतो म्हणे. एक डॉक्टर हो म्हणायचा, दुसरा छे म्हणायचा, आणि 'तसं सरसकट सांगता येत नाही' म्हणणाऱ्या तिसऱ्याला कुणी बोलूच देत नव्हतं. मग सरकारला जाग आली. मनाच्या आजारावरची गोळी कुणी, किती, कधी घेतली ते प्रत्येक औषधवाल्याने संगणकात भरायचं आणि ती नावं पोलिसांकडच्या तक्रारींशी ताडून बघायची, असा हुकूम निघाला. प्रयोग म्हणून आधी वारज्याच्या बाजूच्या दोन-चार चौक्यांपुरता. ताडण्याचं काम हिंजवडीतल्या एका कंपनीला मिळालं आणि कंपनीत ते तनयाच्या टेबलावर आलं. दोन्हीकडे नाव सापडलं की लाल ठिपका.

तिने ते काम मन लावून केलं होतं. वाईट वाटायचं तिला काही कारणच नव्हतं, कारण आपलं नाव त्यात नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि गंमत बघा, यादी खोटी होती असंही नाही. गोळ्या खांबेट्यांच्या घरात येत होत्या. मोडतोडही झाली होती. फक्त त्यातलं काहीच बाबांनी केलं नव्हतं. दोन्ही तनयाने केलं होतं.

ऑगस्टपासून तिला सकाळी उठवेना. रडूही येत नव्हतं, नुसतं दगडासारखं पडून राहावंसं वाटायचं. शेवटी ती वारज्यातल्या कुणाला दिसू नये म्हणून पार कॅम्पातल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी गोळी दिली आणि बजावलं, "पहिले दोन-तीन आठवडे अस्वस्थ वाटेल, चिडचिड होईल. फार झालं तर लगेच फोन करा." तिने फोन केला नाही. अंगात मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं व्हायचं, खुर्चीत बसवत नव्हतं, तरी नाही केला. आपल्या घरात असल्या गोष्टी सोसायच्या असतात, सांगायच्या नसतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती ते बघूनच शिकली होती.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती आलं कुटत होती. खाली इमारतीतले दत्तप्रसाद आपली नवी गाडी मागे घेत होते. गाडी मागे जाताना गाणं म्हणायची, टिंगटिंग टिंगटिंग, रोज सव्वासहाला. तनया हातातल्या बत्त्यासकट दोन जिने उतरली आणि तिने गाडीचा आरसा फोडला. एकदा नाही, तीनदा. आपण काय करतोय हे तिला दिसत होतं आणि थांबता येत नव्हतं. मागून बाबा धावत आले. त्यांनी तिच्या हातातून बत्ता काढून घेतला, तिला जिन्यात ढकललं, आणि खिडक्या उघडल्या तेव्हा लोकांना दिसले ते बत्ता उगारून उभे असलेले श्याम खांबेटे. दत्तप्रसाद स्टिअरिंगवर डोकं झाकून बसले होते, त्यांनी काही पाहिलंच नाही.

"हो, मीच फोडला," बाबा ओरडले. "उद्या परत वाजवा, दुसराही फोडतो."

सगळ्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? लिफ्टमध्ये 'घाम आलेल्यांनी जिना वापरावा' अशी पाटी लावणारा माणूस आरसा फोडणारच. दत्तप्रसाद सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी चौकीत तक्रार दिली. आई तेव्हा धायरीला मावशीकडे होती. परत आल्यावर तिने बाबांना महिनाभर फैलावर घेतलं आणि बाबांनी मुकाट ऐकून घेतलं. तनयाशी ते त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी डोस बदलला, मुंग्या गेल्या, ती सकाळी उठायला लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तीही गप्प बसली.

पण नाव बाबांचं कसं?

मंगळवारी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून ती तशीच हिंमतरावांच्या औषधाच्या दुकानात शिरली. हिंमतराव तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखायचे; गोष्ट बाहेर जाणार नाही या भरवशावरच ती गोळ्या त्यांच्याकडून घ्यायची.

"काका, माझ्या गोळ्या कुणाच्या नावावर लिहिता तुम्ही?"

हिंमतरावांनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "बाबांच्या. मी सगळ्याच लग्नाच्या मुलींचं तसं करतो. अगं, स्थळवाले येतात चौकशीला! मागे एकाने सरळ विचारलं मला, मुलीला कसली औषधं चालू आहेत म्हणून. मुलीचं नाव वहीतच नसलं तर प्रश्न मिटला. बापाला काय, बापाचं लग्न झालेलं आहे."

"तुम्ही म्हणाला होतात, माझं नाव लावणार नाही. दुसऱ्याचं लावाल असं कुठे म्हणाला होतात?"

"कुणाचं तरी लावायलाच लागतं ना बाळा. संगणक रिकामं घेत नाही." मग तिचा चेहरा बघून ते घाबरले. "काय झालं?"

तिने सांगितलं. हिंमतराव स्टुलावर बसले. "करायला गेलो गणपती आणि झाला मारुती," ते म्हणाले. "आता बदलता येत नाही गं. वर गेलंय सगळं."

बुधवारी तिने टीम लीड योगेशला गाठलं. "योगेश, यातली काही नावं चुकीची असू शकतात. गोळ्या एकाच्या, नाव दुसऱ्याचं."

"आपण फक्त मॅच करतो यार. खरंखोटं पोलीस बघतील. एकशे बारा रेड फ्लॅग, क्लायंट एकदम खूश आहे."

"पण त्यांच्या दारात पोलीस जाणार."

"तेच तर रिक्वायरमेंट आहे," योगेश म्हणाला आणि कॉफी आणायला गेला.

ओळ पुसायला एक बटण पुरे होतं. पण कोणी काय पुसलं याची नोंद राहते, आणि ती नोंद ठेवण्याची सोयही तिनेच करून दिली होती. आपलेच दात, आपलेच ओठ! बटणावर बोट ठेवून ती बसून राहिली. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. बाबांचं नाव पुसायचं तर तिथे आपलं लिहायला हवं, हे तिला कळत होतं. आणि आपलं लिहिलं की आईला कळणार. आई दर रविवारी वधूवर मंडळात जायची, फाईल घेऊन. "आमच्या तनूचं एक बरं आहे, कसली भानगड नाही," असं सगळ्यांना सांगायची. त्या वाक्याचीच तनयाला धास्ती होती.

शुक्रवारी यादी गेली. त्या आठवड्यात चार वेळा तिने बाबांना सांगायचं ठरवलं. एकदा ते पेपर वाचत होते. एकदा आई शेजारी होती. उरलेल्या दोन वेळांना काही कारण नव्हतं.

शनिवारी सकाळी साडेदहाला बेल वाजली. दारात तरुण पोलीस शिपाई, छातीवर नाव उत्तरेश्वर, बोलणं मराठवाड्याकडचं. बूट बाहेर काढून, टोपी मांडीवर ठेवून तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला.

"काका, घाबरायचं काही काम नाही. वरून यादी आलीय, तेवढी चौकशी करून जावं लागतंय." त्याने फॉर्म काढला. "तुम्ही मनाच्या आजाराच्या गोळ्या घेता का?"

तनया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आता बाबा उसळणार, तिला वाटलं. आता शिपायाची, सरकारची, यादी करणाऱ्याची, सगळ्यांची खरडपट्टी निघणार.

"घेतो," बाबा म्हणाले.

आई आतून आली. हाताला कणीक तशीच. "अहो, कसल्या गोळ्या? तुमची ती रक्तदाबाची?"

"तीही आणि हीही."

"नाव सांगता का गोळीचं?" शिपायाने विचारलं.

बाबांनी नाव सांगितलं. अचूक. किती मिलिग्रॅमची तेही सांगितलं, आधी किती होती आणि कधी बदलली तेही. म्हणजे यांना माहीत होतं. दर महिन्याला हिंमतरावांच्या दुकानाचा मेसेज बाबांच्याच मोबाईलवर येत असणार, आणि हा माणूस पाच महिने तो वाचून फोन खिशात घालत असणार.

"राग येतो का, काका?"

"चौसष्ट वर्षं येतोय. गोळ्या आत्ताच्या आहेत."

शिपाई ओशाळं हसला. "आरसा तुम्हीच फोडला?"

"मीच."

"मग असं करा. दर एक तारखेला चौकीत येऊन सही करायची, गोळ्यांचं पाकीट दाखवायचं. अन् सोसायटीच्या सेक्रेटरींना आमचं एक पत्र जातं, लक्ष ठेवा म्हणून."

सेक्रेटरी म्हणजे दत्तप्रसाद. बाबांनी मान हलवली. बसच्या थांब्यावरचं एक अक्षर पडलं तर महापालिकेला सहा पत्रं पाठवणारा हा माणूस, कुणाच्या बापाचं ऐकून न घेणारा, शहाण्या मुलासारखी मान हलवत होता. उद्यापासून लिफ्टमध्ये बायका मुलांना जवळ ओढून उभ्या राहणार, आणि हा गप्प बसणार. ते तनयाला बघवेना.

"गोळ्या माझ्या आहेत," ती म्हणाली. आवाज नको इतका मोठा निघाला. "आरसा मी फोडला. बाबांनी काही केलेलं नाही."

"तनू, आत जा," बाबा म्हणाले.

"नाही जाणार. दादा, ही यादीही मीच केलीय. चुकीची आहे. तिथे माझं नाव हवं."

उत्तरेश्वरला काही कळेना. तो एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला. "मग यांचं नाव खोडून तुमचं घालू का, ताई?"

"काही घालू नका!" बाबा उठून उभे राहिले, आणि मग त्यांनी जे केलं ते तनयाने जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी त्या पोरसवदा शिपायासमोर हात जोडले. "लिहिलंय ते राहू द्या. माझं काय जातंय? मी येईन दर महिन्याला. तिचं अजून सगळं व्हायचंय हो."

"घाला तिचं नाव."

हे आई म्हणाली. सुहासिनी खांबेटे, बावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई, आवाज कधी चढवायची गरज न पडलेली. आत्ताही तिने तो चढवला नाही.

"आजारी ती आहे, तर औषध तिच्या नावावर असू दे. तनया श्याम खांबेटे. लिहा." शिपायाने लिहिलं. आई त्याच्या पेनाकडे बघत होती. "बापाला माहीत होतं. औषधवाल्याला माहीत होतं. सरकारला माहीत होतं, आता तुम्हालाही आहे. आईला माहीत नव्हतं, हेही लिहा. त्याला रकाना आहे का तुमच्या कागदावर?"

उत्तरेश्वरने खरोखरच फॉर्म उलटून पाहिला. "नाही, काकू."

आई वळली. तनयाला वाटलं, आता रडेल, नाहीतर बोलेल काहीतरी. फाईलबद्दल, मंडळाबद्दल, पाच महिन्यांबद्दल. आईने पदराला हात पुसले.

"जेवणाआधी घ्यायची असते, की नंतर?"

तिने तनयाला विचारलं.

"नंतर," बाबा म्हणाले.