दोरीआडची खुर्ची

सोस्सियोचे वागणे मला मुळीच पटलेले नाही, हे आधीच सांगून टाकते. आईला त्याने नुसते बसवून ठेवले आणि आईच्या खुर्चीवर कोणाला बसू दिले नाही. असला उफराटा कारभार मी जन्मात पाहिला नव्हता, आणि माझा जन्म काही लहान नाही.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. बुटकी, हात नसलेली, गवताने विणलेल्या बैठकीची. मिलानमध्ये ‘कास्तेलरोवो’ नावाचे पुरुषांच्या कपड्यांचे बडे दुकान आहे. तिथल्या जिन्यापाशी, एका चौथऱ्यावर, करड्या रेशमी दोरीच्या आड मला उभी केली आहे. शेजारी पितळी पाटी आहे : ‘कृपया बसू नये.’ खुर्चीला याहून मोठी शिवी कोणती असेल, तुम्हीच सांगा.

माझा जन्म नेपल्सजवळच्या कासालनुओवोचा. गाव शिंप्यांचे. माझी मालकीण कार्मोसिना लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बापाने मला गावच्या सुताराकडून करून घेतले होते. तेव्हा मी चांगली उंच होते. पण दुसऱ्याच दिवशी तिच्या सासूने करवत आणली आणि माझे चारही पाय चार-चार बोटे कापून टाकले. नवी नवरी रडायला लागली.

“रडतेस काय?” सासू म्हणाली. “शिवणाऱ्या बाईची मांडी हेच तिचं टेबल. खुर्ची उंच असली की मांडी उतरते, आणि मांडी उतरली की कोट जमिनीवर लोळतो. तुझ्या बापाने खुर्ची दिली ती पाहुण्यांसाठी. मी केली ती कामासाठी.”

मला त्या वेळी फार राग आला होता. पण म्हातारी बोलली ते खरे होते.

मग चाळीस वर्षे कार्मोसिना माझ्यावर बसली. मोठमोठ्या घराण्यांचे कोट पांढऱ्या चादरीत गुंडाळून आमच्या दारात येत आणि तिच्या हातची काजं लेऊन परत जात. खिडकीपाशी आम्ही दोघी बसायचो. ती रेशमी दोरा मेणावरून ओढायची, बोटांनी पीळ द्यायची आणि टाक्याला टाका लावत जायची. सुई मात्र माझ्या बैठकीच्या कडेला खोचून ठेवायची. एकदा घराला आशीर्वाद द्यायला आलेले फादर माझ्यावर बसले आणि ओरडून उठले.

“फादर, ती माझ्या कामाची जागा आहे,” कार्मोसिना मान वर न करता म्हणाली. “आशीर्वाद द्यायचा असेल तर पलंगावर बसून द्या.”

अशी तिची जीभ. इतकी वर्षे तिच्याखाली राहून माझीही तशीच झाली, त्याला माझा इलाज नाही. शेजारणी विचारायच्या, “हा कोट कोणत्या बड्या माणसाचा गं?” ती म्हणायची, “कोट कोणाचा का असेना, काजं माझी.” अंगावर घातलेला कोट सगळे बघतात, काजाकडे कोण बघते? पण तिला ठाऊक होते, आणि मला ठाऊक होते. तेवढे आम्हाला पुरत असे.

दर शनिवारी ती ओले फडके पिळून माझे गवत वरून-खालून पुसायची. “गवताला पाणी लागतं आणि माणूस लागतं,” असे म्हणायची. “दोन्ही मिळालं की ते शंभर वर्षं तगतं.”

तिचा मुलगा सोस्सियो माझीच पाठ धरून उभा राहायला शिकला. मोठा झाला, मिलानला गेला, या दुकानात लागला आणि पुढे इथला प्रमुख झाला. बाप वारल्यावर तो गाडी घेऊन गावी आला.

“आई, आता पुरे झालं. दुकानाच्या प्रमुखाची आई घरात बसून काजं करते, असं कळलं तर लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, कोट चांगला आहे.”

“चेष्टा नको. तुझे आरामाचे दिवस आहेत.”

कार्मोसिनाने खूप तोंड चालवले, पण एकुलत्या एका पोरापुढे बाई किती चालवणार? ती मिलानला गेली. तिने अट एकच घातली, खुर्ची बरोबर पाहिजे. सोस्सियोने मला गाडीच्या टपावर बांधले. पण घरी नेलेच नाही. दुकानाच्या मालकांना त्या वर्षी ‘परंपरा’ हवी होती, आणि ती टपावर बांधलेलीच मिळाली.

खरे सांगते, पहिले काही दिवस मी फुगले होते. काय ते दिवे, काय ते आरसे! इथल्या कपड्यांवर किंमत लिहिलेली नसते. ती विचारावी लागते, आणि जो विचारतो त्याला ती परवडणार नाही असे सगळे धरून चालतात. असल्या ठिकाणी बुटक्या खुर्चीला मान मिळाला तर कोणाचे डोके ठिकाणावर राहील? माझ्या मागच्या भिंतीवर कार्मोसिनाच्या हातांचा दाराएवढा फोटो लावला आहे. सुई धरलेली तिची बोटे माझ्याहून मोठी दिसतात. गिऱ्हाइके येतात, हळू आवाजात ‘अहाहा’ म्हणतात आणि पुढे जातात.

आणि माझ्या पाठीवर उंटाच्या रंगाचा लोकरीचा एक कोट टाकून ठेवतात. मित्रांनो, कार्मोसिनाने जन्मात कधी खुर्चीच्या पाठीवर कोट टाकला नाही. त्याने कोटाचा खांदा पडतो, घाट बिघडतो. एवढे कपड्यांचे जाणते लोक, पण दिसायला छान दिसते म्हणून रोज एका चांगल्या कोटाचा खांदा पाडतात.

मग दिवस सरत गेले तसे मला कळू लागले, की माझ्याकडे सगळे बघतात आणि माझ्यापाशी कोणी येत नाही. दमलेली गिऱ्हाइके माझ्यासमोर अवघडून उभी राहतात. दुकानातली ऑर्तेन्सिया नावाची पोरगी दिवसभर उंच टाचांवर असते. एकदा ती दोरीपाशी आली, तिने इकडे-तिकडे पाहिले, आणि पाटी बघून परत गेली. मला वाटत होते, बस गं बाई, बस एकदा. पण खुर्चीने हाक कशी मारायची?

इथली हवा यंत्रातून येते, कोरडी ठणठणीत. लोकरीला ती मानवते, गवताला नाही. माझ्या बैठकीतली एकेक काडी तुटू लागली. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक.

“सर, ही खुर्ची आवाज करते,” ऑर्तेन्सिया सोस्सियोला म्हणाली.

“खुर्ची कसला आवाज करते? कपाटातलं घड्याळ असेल.”

कार्मोसिनाचा फोन रोज यायचा. तिचा आवाज फोनमध्ये मावत नाही, त्यामुळे मला सगळे ऐकू यायचे.

“माझी खुर्ची कशी आहे?”

“मजेत आहे, आई.”

“पाणी दाखवतोस का तिला?”

“हो, हो. तू जेवलीस का?”

“जेवून करू काय? तू आणलेली ती गुबगुबीत खुर्ची माणसाला गिळते. सकाळी आत गेले की संध्याकाळी बाहेर येते. मी दुकानात येऊ का? एखादं काज दे मला, कोपऱ्यात बसून करीन.”

“आई, इथे मोठी माणसं येतात. तू घरीच बस. नुसती बस.”

फोन ठेवून तो गिऱ्हाइकाला माझ्याकडे घेऊन यायचा आणि छातीवर हात ठेवून सांगायचा, “ही माझ्या आईची खुर्ची.” तेव्हा मला वाटायचे, पाय चालते असते तर याच्या नडगीवर घातले असते.

आज हिवाळ्याच्या नव्या कपड्यांचा पहिला दिवस होता. सकाळपासून पाहुणे जमले होते, हातात उंच पेले, अंगावर मऊ लोकर. तेवढ्यात दार उघडले आणि काळा कोट घातलेली, पावाची पिशवी घेतलेली एक म्हातारी आत आली. पाऊल ओळखीचे होते. माझ्या लाकडाला आधी कळले.

सोस्सियो धावत गेला. “आई! तू इथे कशी?”

“ट्रॅमने. ट्रॅममध्ये एका पोराने उठून जागा दिली. तुझ्यापेक्षा बरा निघाला.”

“हळू बोल ना. पाहुणे आहेत.”

“असू देत. मी माझ्या खुर्चीला भेटायला आलेय, त्यांना नाही.”

तिने दोरी उचलली आणि तशीच खाली टाकली. माझ्या पाठीवरचा कोट काढून शेजारच्या उंच गृहस्थाच्या हातात दिला. “धरा जरा. असा नाही, खांद्याला आतून धरा.” त्याने मुकाट्याने धरला. मग तिने पिशवीतून ओले फडके काढले. घरून भिजवून, पिळून आणले होते. पण ट्रॅमचा प्रवास आणि बाहेरची थंडी यांनी ती दमली होती. फडके हातातच राहिले आणि आधी ती बसली.

मित्रांनो, तो एक क्षण मी कधी विसरणार नाही. तिचे वजन अंगावर आले आणि मला वाटले, खिडकी आहे, शनिवार आहे, सगळे आहे. दुसऱ्याच क्षणी माझे गवत फाटले. कार्मोसिना चौकटीतून खाली गेली. गुडघे वर, टाचा हवेत. चाळीस वर्षांत मी तिला कधी पडू दिले नव्हते.

वस्तू सांभाळायची म्हणजे दोरी बांधायची नसते मित्रांनो, ती वापरायची असते, हे मी तुम्हाला सांगणारच होते. पण माझ्याआधी जिने सांगायचे तिने सांगितले.

“आई, लागलं का?” सोस्सियो पांढराफटक पडला होता. “तरी म्हणत होतो, येऊ नकोस! ती फार जुनी झालीय, बसण्यासारखी राहिली नाहीये.”

कार्मोसिनाने आधी माझ्या पायावर हात फिरवला, जिथे सासूची करवत लागली होती तिथे. मग तिने चौकटीत अडकलेल्या अवस्थेतच मान वर केली.

“जुनी झाली म्हणून नाही मोडली, लेका. मी चाळीस वर्षं बसले तेव्हा मोडली नाही. तू बसू दिलं नाहीस, म्हणून मोडली. आता ओढ मला वर. उद्या आम्हा दोघींना गावी पोचव. हिला गवत विणून घेते, आणि मला कोट पाठवत जा. आणि तो भिंतीवरचा फोटो आधी उतरव. ज्या हातांना काम देत नाहीस, त्यांना मिरवू नकोस.”