पहिल्या निशाणीची जागा

त्या वर्षी दसऱ्यानंतर आमच्या आळीच्या हौदाला घोड्याच्या मुताचा वास येऊ लागला.

नुसता वास असता तरी माणसाने नाक दाबून पाणी भरले असते. सकाळी घागर बुडवली की वरचा तवंग फुटे आणि घागर वर काढताच पुन्हा जुळून येई. बायका जुन्या लुगड्याची दुहेरी घडी घागरीच्या तोंडाला बांधून पाणी गाळत. फडक्यावर जे उरे त्याचे वर्णन मला जमणार नाही. लिदीतली हरभऱ्याची साले ही त्यातली त्यात सभ्य गोष्ट.

कारण सगळ्यांना ठाऊक होते. कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून आमच्या हौदात येई. हौदाच्या वरच्या अंगाला सरदार आप्पासाहेबांनी नवी पागा बांधली आणि तिची मोरी नळावरच्या जमिनीत सोडून दिली. चिऱ्यांच्या फटींतून व्हायचे ते झाले. हौदाच्या चार बाजूंपैकी कोणी कुठून पाणी भरायचे हे जातवार ठरलेले होते आणि त्यात कधी कोणी चुकत नसे. आतले पाणी मात्र एकच होते.

मी आळीत भाड्याने राहणारा, पोथ्या उतरवून पोट भरणारा माणूस. माझी एकुलती एक मुलगी श्यामला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिची आई हयात नव्हती. म्हणून मी आळीतल्या सोजरबाई सुइणीला आधीच सांगून ठेवले होते. ती श्यामलेला बघायला आली, तिने ओसरीवरची घागर हुंगली आणि तोंड वाकडे केले.

"पंत, ह्या पान्यात मी बाळ न्हाऊ घालायची न्हाई."

"उकळून घेऊ की, सोजरबाई."

"लीद उकळली म्हंजी काय खीर हुती व्हय? तांबट आळीच्या कडंच्या दोन बाळंतिणी गेल्या ह्या म्हैन्यात. मीच हुते तितं. पानी बदला, न्हाईतर दुसरी सुईन बघा."

ती गेल्यावर श्यामला म्हणाली, "तात्या, जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं उतरवलंत. एक कागद आपला लिहा की."

लिहिणे अवघड नव्हते. तो घेऊन चावडीवर जाणे अवघड होते. दोनदा मी चावडीच्या पायरीपर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा कारकुनानेच हाक मारली, "अहो पंत, पायरी झिजवायला येता की काही काम आहे?"

त्याने अर्ज वाचला. पागा हलवावी, निदान मोरी वळवावी, एवढेच मागणे होते.

"अक्षर सुरेख आहे," तो म्हणाला. "पण एकट्याचा अर्ज म्हणजे कुरकुर. आळीचा आणा, सगळ्यांच्या निशाण्यांसकट. मग मोरी बघायला माणूस पाठवतो. खरंच पाठवतो. आमच्या घरचंही पाणी तिथूनच येतं."

निशाण्यांची रीत जुनीच होती. ज्याला लिहिता येत नाही त्याने आपल्या धंद्याचे चित्र काढायचे. तांबटाने हातोडा, शिंप्याने कात्री, कुणब्याने नांगर. बाई असेल तर ती बांगडी काढी. सगळ्यात वरची निशाणी त्या जागच्या पहिल्या मानकऱ्याची. पुढे कधी मानाचा तंटा निघाला तर असा कागद पुरावा म्हणून चाले.

मारुतीच्या पारावर आळी जमली. आप्पासाहेबांना शिव्या देण्यात सगळे एक झाले. मला वाटले, काम झाले. मी मजकूर वाचून दाखवला, खाली जागा मोकळी सोडली होती ती दाखवली आणि लेखणी पुढे केली.

लेखणीला दोन हात एकदम आले. एक बजरंग तांबटाचा, दुसरा संभाजी शिंप्याचा.

"आळी वसली तवा पहिला विडा माझ्या आज्याला मिळाला," बजरंग म्हणाला.

"विडा मिळाला असेल. घर आधी आमचं उभं राहिलं."

"घर? मांडव हुता त्यो, गवताचा."

"तुझ्या आज्याचं लग्न लागलं त्याच मांडवात!"

लोक हसले. मीही हसलो. थोड्या वेळाने हसण्यासारखे काही उरले नाही. दोघांच्या मागे दोन तट उभे राहिले आणि हौदाचे नाव कोणी काढीना. मी भीत भीत म्हणालो, "निशाण्या ओळीनं नको घालायला. गोल घालू. चक्रासारख्या. म्हणजे पहिला कोणी नाही."

"पंत, चक्राला वरची बाजू असते," संभाजी म्हणाला. "कागद टांगला की कळतं कोण वर ते."

"मग शेजारी शेजारी, एका ओळीत?"

"उजवीकडं कोन?" बजरंगने विचारले.

मी कागद गुंडाळून घरी आलो. मला समजावता येत नाही, हे मला ठाऊक आहे. दुसरा कोणी असता तर कदाचित जमवले असते. म्हणून पुढले काही दिवस मी दोघांच्या घरी चकरा मारल्या. बजरंगच्या घरी त्याची नात अंथरुणावर होती. हगवणीने पोरीचे डोळे खोल गेले होते. बजरंगची बायको मैना तिला वेळूच्या नळीने पेज पाजत होती. पेज त्याच पाण्यातली.

"बजरंगराव, या पोरीकडे तरी बघा," मी म्हणालो.

त्याने बघितले. त्याच्या डोळ्यांत पाणीही आले. मग म्हणाला, "तिच्यासाठीच तर. उद्या हिच्या भावानं इचारलं, आज्या, वरची जागा सोडलीस का, तर काय सांगू?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा माणसांची शिसारी आली. पाण्याची त्याआधीच आली होती.

श्यामलेचे दिवस भरत आले. एक दिवस सोजरबाई बायकांचा घोळका घेऊन ओसरीवर आली. मैना होती. संभाजीची म्हातारी आई मुक्ताबाई काठी टेकत आली होती.

"काढा तो कागद, पंत," मुक्ताबाई म्हणाली. "ह्यांची कात्री न् ह्यांचा हातोडा घाला चुलीत. घागर कोण वाहतं? आम्ही बांगड्या काढतो."

"वर कोण?" माझ्या तोंडून निघून गेले.

"जिथं जागा असंल तितं," मैना म्हणाली, आणि तिने कागदाच्या पार कोपऱ्यात एक वेडीवाकडी बांगडी काढली.

बायकांनी अर्धा कागद बांगड्यांनी भरून टाकला. काही एकमेकींत अडकल्या. वरची मोकळी जागा तेवढी तशीच राहिली, तिकडे कोणाचा हातच गेला नाही.

कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला.

"नुसत्या बांगड्या? एखादं पुरुषाचं नाव पाहिजे हो. नाहीतर उद्या मलाच विचारतील, चावडी आहे का हळदीकुंकू आहे. घाला तुमचं. ही जागा आहेच."

मी म्हणालो, "खाली घालतो."

"खाली कुठे? बांगडीत?"

मी वर सही केली.

संध्याकाळपर्यंत बातमी आळीभर झाली. आणि जे काम मला इतक्या चकरांत जमले नव्हते ते आपोआप झाले. बजरंग आणि संभाजी एक झाले. भाडेकरू पोथीवाल्याने आळीची पहिली जागा बळकावली, आणि तीही नवऱ्यांना, मुलांना न विचारता बायकांच्या निशाण्या घेऊन! पागेच्या कारभाऱ्याने त्यांना पागेच्याच ओसरीवर बसायला जाजम दिले, कागद दिला, लिहिणारा दिला, वर विडेही दिले. 'या खेपेपुरता' हातोडा वर आणि कात्री खाली असे ठरले. त्याखाली आळीतल्या एकूण एक पुरुषाची निशाणी एका बैठकीत उमटली.

दुसऱ्या दिवशी आम्हा सर्वांना चावडीवर बोलावणे आले. कारकुनाने त्यांचा कागद मोठ्याने वाचला. माझ्या उद्धटपणाबद्दल होते ते मी मान खाली घालून ऐकले. शेवटचे वाक्य ऐकून मात्र मी मान वर केली. हौदाचे पाणी निर्मळ व गोड असून त्याबद्दल आळीची काहीएक तक्रार नाही, असे त्यात होते.

"हे तुमचं म्हणणं?" कारकुनाने विचारले.

बजरंगने माझ्याकडे पाहिले नाही. "व्हय. गोड हाय."

"गोड आहे," संभाजी म्हणाला.

बायका दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांतून मैना आत आली. चावडीत बाईने असे शिरणे रीतीत बसत नव्हते, पण कोणी अडवायच्या आत तिने नवऱ्यापुढे तांब्या ठेवला. हौदातून तशीच भरून आणला होता, न गाळता. वास बसल्या जागी सगळ्यांना आला. कारकुनाने उपरणे नाकाला लावले.

"गोड हाय न्हवं?" मैना म्हणाली. "मग प्या."

मला वाटले, आता संपले. आता माणूस खाली बघेल, चूक झाली म्हणेल. मी खरोखर तसे समजलो. एवढ्या पोथ्या उतरवून मला माणसांची एवढीच पारख आली होती.

बजरंगने तांब्याकडे हात केला. तेवढ्यात संभाजीने त्याचे मनगट धरले.

"हातोडा वर घेऊ दिला, तो कागदापुरता. पहिला घोटही तूच घेणार?"

"सोड."

"सोडत नाही. चावडीत सगळ्यांसमोर पहिला घोट म्हणजे काय ते मला कळतं."

दोन पिकल्या मिश्यांचे पुरुष घोड्याच्या मुताचा तांब्या ओढू लागले. पाणी जाजमावर सांडले, दोघांच्या धोतरांवर सांडले. बजरंगने हिसका देऊन तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायला. उरलेले संभाजी प्यायला, आणि त्याने तांब्या पालथा करून दाखवला. बजरंगच्या मिशीला हरभऱ्याचे साल चिकटले होते. त्याने ते जिभेने आत घेतले.

मागे कोणीतरी "वाहवा" म्हणाले.

कारकुनाने आमचा बांगड्यांचा कागद घडी करून माझ्या हातात दिला. "पंत, फिर्यादीनंच पाणी गोड म्हणून पिऊन दाखवलं. आता मी मोरी बघायला माणूस कशाच्या जोरावर पाठवू?" आणि हळूच म्हणाला, "आमच्या घरी मी कालपासून नदीचं आणवतोय."

बाहेर आल्यावर सोजरबाई म्हणाली, "हडपसरला माझ्या भावाचा मळा हाय. हीर चांगली हाय. गोठ्याशेजारची खोली रिकामी, तुमचा सोयपाक तुम्ही करा. पोरीला गाडीत घालून हळूहळू नेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी आणली, पेंढ्यावर गोधड्या टाकल्या, श्यामलेला सोजरबाईशेजारी वर बसवले. गाडी निघणार तोच मैना नातीला कडेवर घेऊन आली आणि काही न विचारता आत चढून बसली. पोरीची मान तिच्या खांद्यावर सैल पडली होती.

बजरंग दारात आला. रात्रभर त्याला आत येता येता पुन्हा बाहेर जावे लागले असावे. चेहरा राखेसारखा झाला होता आणि भिंतीचा आधार सुटत नव्हता.

"कुणाला इचारून चाललीस?"

मैनाने पोरीच्या अंगावर पदर ओढला.

मग तो माझ्याकडे वळला. मला वाटले, पोरीला सांभाळा म्हणेल.

"पंत, तो कागद तुमच्यापाशी हाय ना? जायच्या आधी त्यावरचं तुमचं नाव खोडा. माझ्यासमोर खोडा."

श्यामला गाडीतून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी गाडीवानाला म्हणालो, "चल."

"पंत!" तो मागून ओरडला, आणि मग पोट धरून खाली बसला.

हडपसरच्या अलीकडे पहिली विहीर लागली तिथे सोजरबाईने गाडी थांबवली. तिने स्वतः पोहरा ओढला, ओंजळीत पाणी घेऊन हुंगले, उन्हात धरून पाहिले, चूळ भरली, मग थोडे गिळले. आणि पोहरा श्यामलेपुढे धरला. श्यामला थांबून थांबून पोटभर प्यायली. मैनाने पदराचे टोक भिजवून पोरीच्या ओठांवर पिळले. पोरीने ओठ हलवले आणि पुन्हा तोंड उघडले.

"पंत, घ्या," सोजरबाईने पोहरा माझ्याकडे केला.

पाणी अगदी नितळ होते, पोहऱ्याचा तळ दिसत होता. मला तहानही लागली होती. पण तोंडाशी नेले की ते मिशीला चिकटलेले साल दिसे, आणि ते आत ओढणारी जीभ दिसे.

"नंतर," मी म्हणालो, आणि पोहरा गाडीवानाला दिला.